बोईसरच्या हॉलमधला सायरन

बोईसर स्टेशनकडून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक परमिट रूम आहे. तिच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे. एरवी तिथे साखरपुडे होतात, बारशी होतात, पैसे दामदुप्पट करून देणाऱ्यांच्या सभा होतात. अधूनमधून मुंबईचा एक आयोजक तो हॉल दुपारपुरता भाड्याने घेतो आणि फलकावर त्याला क्लब म्हणतो. खिडक्यांवर आतून गाद्या लावलेल्या, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि स्टेज कारखान्यांच्या भंगारातून आणलेल्या लाकडी पॅलेटचं. वर जायला जिना एकच आहे, अरुंद आणि मध्येच वळणारा.

हा जिना माझ्या लक्षात राहिला तो माझ्यासोबत आलेल्या माणसांमुळे. ती वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या पॅकिंग शेडमधली कंत्राटी माणसं होती, मनोरच्या पुढच्या डोंगरपाड्यांवरची. पावसात भात लावतात आणि उरलेलं वर्ष पोती भरतात. साप्ताहिक सुट्टी होती म्हणून धुतलेले शर्ट घालून आली होती. त्यांच्यातले दोघं जिना चढून वर आले, परत खाली उतरले आणि पुन्हा चढले. त्यांच्या मुकादमाने मला कारण सांगितलं, "पायऱ्या पायाला म्हायत असल्या म्हंजे बरं."

मेटल नावाचं संगीत त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना माझ्या भाचीने बोलावलं होतं.

भाची ड्रम वाजवते. दिवसा वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते, संध्याकाळी पाम गावातल्या घरी येते आणि चिकूच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत दार लावून सराव करते. तिघांचा बँड आहे. गिटार वाजवणारा आणि गाणारा मुलगा आयटीआय झालेला फिटर. गाणं म्हणजे काय, तर पोटातून काढलेला घोगरा आवाज. माझ्या बहिणीला तो सहन होत नाही. तो मुलगा गायला लागला की ती मागच्या पडवीत जाऊन बसते. मला वाटायचं तिला गोंगाट आवडत नाही. कारण गोंगाट नव्हतं.

तिचा नवरा, म्हणजे भाचीचे वडील, त्याच पॅकिंग शेडच्या कारखान्यात रिअॅक्टरवर ऑपरेटर होते. दोनेक वर्षांपूर्वी पहिल्या पाळीत एक जोड फुटला आणि गॅस सुटला. सायरनचं बटण गेटवरच्या केबिनमध्ये होतं. पण दाबण्याआधी साहेबांना फोन करून विचारायचं, अशी तिथली पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. मागे एकदा सायरन चुकून वाजला होता, गावातली माणसं गेटवर जमली होती आणि बटण दाबणाऱ्या रखवालदाराची नोकरी गेली होती. तेव्हापासून ही पद्धत. त्या सकाळी साहेब माल घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या पाहुण्यांसोबत मीटिंगमध्ये होते. चहा दिला जात होता. फोन वाजत राहिला. सायरन वाजला नाही.

रिअॅक्टरवरची माणसं वाऱ्याला आडवी पळाली आणि वाचली. मेहुणेही बाहेर पडले होते. पण वारा पॅकिंग शेडकडे होता आणि शेडमध्ये कोणाला काही माहीत नव्हतं. ते तोंडाला ओला रुमाल बांधून परत गेले आणि शेडच्या दारातून ओरडले. आतली सगळी माणसं बाहेर पडली. मेहुणे पुढच्या आठवड्यात दवाखान्यात वारले.

तेव्हा मी मुंबईतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. नात्यामुळे ती बातमी माझ्याकडे नव्हती, ते योग्यच होतं. छापून आली तेव्हा तीत कंपनीच्या पत्रकातलं वाक्य जसंच्या तसं होतं: सायरन वाजताच कामगारांना तातडीने बाहेर काढण्यात आले. असं वाक्य लिहिलं की कोणी काढलं हे सांगावं लागत नाही.

भाचीने गाणं केलं ते याच्यावर. त्याला शब्द दोनच आहेत, "भायेर निघा." सुरुवातीला ड्रम आणि गिटार भरधाव चालतात, शेडमधल्या यंत्रांसारखे. मग सगळं तुटल्यासारखं थांबतं. सायरन जिथे वाजायला हवा होता तिथे काहीच वाजत नाही. ऐकणारा अस्वस्थ होऊन चुळबुळ करायला लागेपर्यंत ही शांतता चालते. मग तो मुलगा ते दोन शब्द ओरडतो आणि गाणं संपतं.

पालघरच्या एका कॉलेजात ते त्यांनी वाजवलं होतं आणि पोरांनी केस झटकून दाद दिली होती. ती दाद भाचीला पुरली नाही. मला म्हणाली, "मामा, मी तिथं नव्हते. मी सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं. जे होते त्यांनी ऐकून सांगायला पायजे, असं होतं की नव्हतं. नसलं तर मी हे गाणं वाजवणार नाय."

म्हणून ती माणसं त्या हॉलमध्ये आली होती.

आम्ही भिंतीकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मध्ये उभी असलेली बाकीची मंडळी मुंबईकडून आलेली, काळे टी-शर्ट, वीस-बावीस वर्षांची. साउंडवाल्याने तपासणीसाठी ड्रमवर दोन ठोके दिले तसे पॅकिंगवाल्यांनी खिशातून नारिंगी इअरप्लग काढले आणि चिमटीत वळून कानात घातले. कंपनीतून मिळतात ते. टी-शर्टवाल्यांकडे ते नव्हते. एक मुलगी त्यांच्याकडे बघत होती, तेव्हा मुकादमाने तिलाही एक जोडी दिली. "घाल गं बाय. कान एकदा गेला का परत येत नाय."

"ह्ये गाणा हाय का क्रशर?" शेजारच्याने विचारलं.

"क्रशर तालात फिरतो," दुसरा म्हणाला.

मग आयोजक आला. कार्यक्रमात आधी भाचीचा बँड होता, नंतर मुंबईचा पाहुणा बँड. त्याने क्रम उलटा केला. पाहुण्यांना गाडी पकडायची होती. "तुम्ही काय इथलेच," तो भाचीला म्हणाला, "तुम्ही नंतर वाजवा आरामात." पाहुणे वाजवून गेले की त्यांच्यासोबत हॉलही रिकामा होणार हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "जाऊ देत. आपली माणसं थांबतील."

पाहुणा बँड स्टेजवर चढला. दिवे गेले. अंधारात स्पीकरमधून सायरन सुरू झाला.

तो कारखान्याचा नव्हता, कुठल्यातरी जुन्या लढाईच्या ध्वनिमुद्रणातला असावा. पण तो वर चढत होता, खाली उतरत होता, पुन्हा वर चढत होता, आणि वसाहतीत चढउताराच्या सायरनचा अर्थ एकच होतो. तो अर्थ इथे डोक्याला विचारून लावला जात नाही. पॅकिंगवाले उठले. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला ढकललं नाही. प्रत्येकाने पाण्याची बाटली रुमालावर उपडी केली, रुमाल नाकातोंडावर धरला, आणि रांग जिन्याकडे गेली. मीही त्यांच्यासोबत खाली उतरलो. जिन्याच्या दारापाशी भाची दिसली. पाहुण्या बँडची सगळी गाणी तिला तोंडपाठ आहेत. त्यांचा कार्यक्रम सायरनने सुरू होतो हे तिला ठाऊक होतं. तिने ते दार सताड उघडलं होतं आणि ती हाताने लोकांना बाहेर जायची खूण करत होती. नंतर तिला स्वतःचा हात दिसला आणि तिने तो खाली घेतला.

टी-शर्टवाले जागचे हलले नाहीत. त्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

खाली रस्त्यावर येताच मुकादमाने समोरच्या ताडाच्या झावळ्यांकडे पाहिलं, मग लांबच्या चिमणीच्या धुराकडे, आणि हात डावीकडे केला. सगळे वाऱ्याला आडवे चालत परमिट रूमच्या मागच्या मोकळ्या मैदानात गेले आणि ओळीत उभे राहिले. मुकादम प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारत मोजत गेला. ओळीच्या टोकाला तो थांबला.

"लांबा कुठं हाय?"

लांबा म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात उंच. तो नव्हता.

"गाणं आहे ते," मी म्हणालो. वरून एव्हाना गिटारचा आवाज येऊ लागला होता. "गाण्यातला सायरन होता."

"म्हायत झालं मला," मुकादम म्हणाला. "पर माणूस वर हाय ना?"

त्याने रुमाल पुन्हा ओला केला, तोंडावर बांधला आणि तो जिना चढून गेला. मी मागे गेलो. लांबा भिंतीशी खुर्चीत डोळे मिटून बसला होता. इअरप्लग इतके आत सारले होते की त्याने सायरन ऐकलाच नव्हता. तोंडाला फडकं बांधलेला मुकादम गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे गेला, दंडाला धरून त्याला उभं केलं आणि ओरडला, "चल भायेर! निघ!"

पाहुण्या गायकाने हात वर करून गाणं थांबवलं. दिवा मुकादमावर फिरवायला सांगितला. "अरे चाचा, गाना है, गाना!" तो माइकवर म्हणाला. "बोईसर, इतने में डर गए? अभी तो शुरू किया है!" हॉल हसला. वीस-तीस फोन वर झाले. मुकादमाने दिव्याकडे पाहिलं, लांबाला पुढे घातलं आणि तो जिना उतरून गेला. त्याची चाल बदलली नाही.

ती चित्रफीत पुढे बरीच फिरली. खाली प्रतिक्रियांत हसणारे चेहरे होते. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने ती मलाच पाठवली, हे तुमच्याकडचे का, असं विचारत. एका पाळीतल्या माणसांनी न बोलता, न ढकलता, मोजणी करून इमारत रिकामी केली, आणि एक कमी आहे म्हटल्यावर एक जण परत आत गेला. ज्यांना हे शिकवायला कारखाने वर्षातून एकदा सुरक्षा सप्ताहाचा मंडप घालतात आणि पाहुण्यांच्या हस्ते नारळ फोडतात, त्यांनी ते कोणी न सांगता केलं. ते पाहणाऱ्यांना हसू आलं.

हॉल हसला तेव्हा भाची स्टेजच्या कडेला उभी होती. फडकं बांधलेला माणूस आत येताना तिने पाहिला होता. आपल्या वडिलांनी ते कसं केलं असेल हे तिने दोन वर्षं ऐकीव गोष्टींवरून जुळवलं होतं. ते तिच्यासमोर घडलं, आणि लोक हसत होते. ती खाली गेली.

मैदानात माणसं तशीच ओळीत उभी होती.

"चला ना काका वर," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचं हाय."

"नाय," मुकादम म्हणाला.

"गाणं होतं ते. मी माफी मागते."

"तू कशाला माफी मागते? गाण्यात वाजला नायतर कंपनीत वाजला, आमी भायेर आलो. आता ऑल क्लिअर झाल्याबिगर आत जायचं नाय. तुज्या बापानंच शिकवलेला हाय आमाला."

सायरन दोन प्रकारचा असतो. धोक्याचा चढउतार करतो. धोका टळल्याचा सरळ असतो, एका पट्टीत, लांब. तो वाजल्याशिवाय जमलेल्या जागेवरून हलायचं नाही असा नियम आहे. मुकादमाचं म्हणणं नियमाला धरून होतं. त्यात लाज किती होती आणि राग किती होता, हे मी विचारलं नाही. नंतर तो एवढंच म्हणाला, "त्या दिशीबी ऑल क्लिअर वाजला नाय. आमी अजून उभेच हाव म्हन."

धोकाच कोणी जाहीर केला नव्हता, तर तो टळल्याचं कोण जाहीर करणार?

भाची आणि मी वर आलो तर आयोजक जिन्याच्या तोंडाशीच भेटला. पाहुण्यांचं दुसरं गाणं संपलं होतं. "तुझे काकालोक तर पळाले," तो तिला म्हणाला. "आता तू कोणासाठी वाजवणार? हे झाले की आपण पॅक अप करू. हॉल संध्याकाळी हळदीला दिलाय."

तिने त्याला बाजूला सारलं नाही, त्याच्या बाजूने निघून गेली. स्टेजवर चढली आणि पाहुण्या गिटारवाल्यासमोर उभी राहिली. तो तिच्याच वयाचा असेल.

"तुमी सायरन वाजवला," ती म्हणाली. "आता ऑल क्लिअर पण तुमीच द्यायचा."

"मतलब? क्या बजाऊँ?"

"एक तार. एक सूर. वर-खाली नको, थरथरवायचा नाय. फुल आवाज. मी हात खाली करेपर्यंत."

गायकाने माइकमधून काहीतरी विनोद केला. गिटारवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती आवाज न चढवता म्हणाली, "त्या माणसाला हसलात ना आता? माझा बाप असाच फडका बांधून आत गेला होता. तो मेला. खाली उभे आहेत ते त्याच्यामुळे उभे आहेत. ते वर येत नाय तोवर मी इथून हलत नाय. तुमची गाडी चुकू दे."

हे तिने मराठीत सांगितलं. त्याला सगळं कळलं असेल असं नाही. पुरेसं कळलं.

तिने रस्त्याच्या उलट बाजूच्या खिडकीवरची गादी धरून ओढली. खिळे निघाले, गादी खाली आली. "ए, ए, डॅमेज भरावं लागेल!" आयोजक ओरडला. तिने खिडकी उघडली आणि हात वर केला. गिटारवाल्याने एकच तार छेडली आणि अँप्लिफायरच्या जवळ जाऊन तो सूर धरून ठेवला. तो सरळ होता, कुठेही न वाकणारा, दातांत जाणवणारा. मी खिडकीशी होतो. मैदानात उंच लांबाने आधी मान वर केली. मग सगळ्यांनी. मुकादमाने रुमाल तोंडावरून खाली घेतला, पिळला आणि खांद्यावर टाकला. तरी तो निघाला नाही. सूर खरंच सरळ आहे ना, याची खात्री होईपर्यंत तो ऐकत राहिला. मग त्याने हात हलवला.

ते जिन्याने वर आले तेव्हा तो दारात उभा राहून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारत होता. शेवटी लांबा. मग तो स्वतः. सगळे आपापल्या खुर्चीवर बसले आणि सगळ्यांनी कानातले इअरप्लग काढून खिशात ठेवले. टी-शर्टवाल्यांपैकी कोणी हसलं नाही. एकदोघे फोन काढून उभे होते. ज्या मुलीला मुकादमाने इअरप्लग दिले होते तिने शेजाऱ्याचा फोन हाताने खाली केला.

भाचीने हात खाली केला. सूर थांबला. ती पाहुण्यांच्याच ड्रमवर बसली, कारण मांडणी बदलायला वेळ नव्हता. फिटर मुलाने गिटार लावली.

गाणं सुरू झालं. मला संगीतातलं कळत नाही. माझ्या कानाला ते कायम एका बंद पत्र्याच्या शेडमध्ये उभं असल्यासारखं वाटत आलं आहे, आणि ते तसंच वाटावं असा तिचा हेतू होता हे मला त्या दिवशी समजलं. पॅकिंगवाल्यांचे पाय ठेका धरत नव्हते. ते गुडघ्यांवर हात ठेवून, कामावर बसल्यासारखे बसले होते.

मग ते तुटलं. शांतता.

उघड्या खिडकीतून वसाहतीची घरघर आत आली, आणि वसाहतीचा वास. मला त्या शांततेत त्या सकाळचे चहाचे कप आठवले, जे मी पाहिले नव्हते. केबिनमध्ये कानाला फोन लावून उभा असलेला रखवालदार आठवला, ज्याला मी कधी भेटलो नाही. राग यायला माणूस समोर लागतो. माझ्यासमोर तेव्हाही कोणी नव्हतं, आत्ताही नव्हतं. वाक्य होतं फक्त. बाहेर काढण्यात आले.

"भायेर निघा!" फिटर मुलगा ओरडला. स्पीकर फाटल्यासारखा वाजला. गाणं संपलं.

टाळ्या वाजल्या त्या मधल्या गर्दीतून. भिंतीकडच्या खुर्च्यांवर कोणी हललं नाही. भाची काठ्या मांडीवर ठेवून मुकादमाकडे बघत होती. आयोजक मनगटावरचं घड्याळ दाखवत होता.

मुकादम उठून स्टेजपाशी गेला.

"सांगा काका," ती म्हणाली. "असं होतं?"

"शांत व्हतं ते बरोबर. तसंच व्हतं." त्याने फिटर मुलाकडे पाहिलं. "वरडणं कमी पडला."

"आवाज फुल आहे," साउंडवाला मागून म्हणाला. "यापुढे स्पीकर जातील."

"त्याच्याकडं सपीकर कुठं व्हता?" मुकादम म्हणाला. "आत ढाई टनाचा मशीन चालू, आमच्या कानात ही नारिंगी बुचं. तरी मला ऐकू आला. टोकाला व्हतो मी. आन त्याच्या तोंडावर फडका व्हता रे."

त्याने फिटर मुलासमोरचा माइक हाताने बाजूला केला. खांद्यावरचा ओला रुमाल काढला, एकदा झटकला आणि त्या मुलाच्या हातात दिला.

"ह्यो बांध," तो म्हणाला. "आता वरड."

मुलाने भाचीकडे पाहिलं. तिने काठ्या उचलल्या होत्या. त्याने रुमाल नाकातोंडावर घेतला आणि मानेमागे गाठ मारली.